अर्धं मुंडण

१

मथुराबाई रोजच्यासारखी फुलांची पुडी द्यायला कमलबाईंच्या घरात शिरली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातच मटकन खाली बसली. कमलबाई ओट्यापाशी पालथ्या पडल्या होत्या. डोक्याच्या मागच्या बाजूला जबर मार, शेजारी लोखंडी बत्ता, आणि देव्हाऱ्याखालची पेटी सताड उघडी. पेटीतली सोन्याच्या पुतळ्यांची माळ गेलेली.

कमलबाईंचं घर तुळजापुरात मंदिराच्या मागच्या गल्लीत. गावात लॉज कितीही झाले तरी ठरलेल्या घराण्यांचे लोक पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडेच उतरायचे. आजोबा ज्या घरी उतरला त्याच घरी नातवानंही उतरायचं, अशी इथली रीत आहे. कुणी जिवावर उठावं असं त्या म्हातारीनं उभ्या जन्मात काही केलं नव्हतं.

मथुराबाईच्या ओरडण्यानं समोरच्या कुंकवाच्या दुकानातला भागवत धावत आला. सकाळी एक दाढीवाला आत गेला होता, असं त्यानं पोलिसांना सांगितलं. पोलिस घराच्या मागच्या बोळात शिरले. बोळाच्या टोकाला गुंडप्पाचं केस कापायचं दुकान आहे. तिथं खुर्चीत तोच दाढीवाला बसला होता आणि त्याचं अर्धं डोकं भादरून झालं होतं.

त्याला ओढून बाहेर काढताना वस्तरा कानाला लागला आणि रक्त मानेवरून सदऱ्यावर आलं. डावीकडे तुळतुळीत टाळू आणि साबणाचा फेस, उजवीकडे कमरेपर्यंत लोंबणारे गुंतलेले केस, अर्धी दाढी, भीतीनं विस्फारलेले डोळे. नेमका त्याच वेळी मोबाइल परजत प्रेम तिथं पोचला. प्रेम म्हणजे आमच्या गावचा पत्रकार. यूट्यूबवर चॅनेल चालवतो आणि गळ्यात ओळखपत्र घालून हिंडतो. त्यानं फोटो काढला, थोडा काळपट केला आणि खाली लिहिलं, ‘रूप पालटून पळणारा नराधम जेरबंद.’

तुळजापुरात रोज ढिगानं डोकी भादरली जातात. नवस फेडणाऱ्याला इथं कुणी वळूनही बघत नाही. पण हा फोटो बघून तसा विचार एकाही माणसाच्या मनात आला नाही. दुपारपर्यंत तो धाराशिव, लोहारा, सोलापूर करत पुण्याला पोचला आणि तिथून माझ्या मावशीनं तो मलाच पाठवला. ‘बघ गं बाई, तोंडावरच लिहिलेलं असतं एकेकाच्या.’

मी वकील वर्षाराणी. ज्याला वकील परवडत नाही त्याला सरकार एक वकील देतं आणि या खेपेला तो वकील म्हणजे मी होते. मावशीला मी हे कळवलं नाही. तिनं माझं जेवणखाण बंद केलं असतं.

२

त्याचं नाव गोरोबा शेंडगे. माकणीचा मेंढपाळ. कोठडीत तो भिंतीला टेकून बसला होता आणि डोकं अजून तसंच होतं. अर्धं उघडं, अर्धं केसाळ. साक्षीदारांनी ओळखायचं आहे म्हणून राहिलेली बाजू भादरू देत नव्हते. ओळखपरेडही त्याच अवतारात झाली. रांगेत उभ्या केलेल्यांत अर्ध्या डोक्याचा माणूस हा एकटाच. त्याला न ओळखायला आंधळाच लागला असता. मी आरडाओरडा केला, हरकत घेतली, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

“गोरोबा, त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं ते सांगा.”

“काय सांगू वकीलबाई. पोरीच्या काळजाला भोक व्हतं. सोलापूरला आपरेशन केलं. तवा म्या आईला बोललो व्हतो, पोरगी पळाय लागली की तुझ्या दारात केस देतो, तवर वस्तरा लावू देनार न्हाय. आता अक्षदा मेंढरामागं पळती. मनून आलो. म्या म्होरं आलो, मंडळी पोरीला घेऊन मागच्या गाडीनं येनार व्हती.”

“कमलबाईंच्या घरी काय झालं?”

“आमच्या आज्यापासनं तेच घर. आज्जीनं च्या दिला. रीतीपरमानं आहेर केला. मग माझ्या कपाळाला लावाय मनून पेटीतली माळ काढली. नवस फेडायच्या आदी आज्जी सगळ्यास्नीच माळ लावती. तर माळ हातात घेतली अन् गपच झाली. जरा येळ तशीच हातात धरून बसली. मग मला मनली, तू हो म्होरं, मागल्या दारानं जा, न्हाव्याचं दुकान जवळ पडंल. म्या गेलो. तेवडंच.”

“मग पुढं?”

“म्होरं जीपच आली की. जीपमदी बसवलं तवा समूरनं माझी पोरगी येत व्हती आईचं बोट धरून.”

त्यानं हात डोक्याच्या उघड्या बाजूवर ठेवला. “आईला अर्दंच दिलं बगा. अर्दं माझ्याच डोस्क्यावर ऱ्हायलं. पोरीला काय झालं मंजी?”

मला त्याच्या नवसाशी कर्तव्य नव्हतं, त्याच्या गळ्याशी होतं. पण त्याला फक्त ती उरलेली बाजू खुपत होती.

बाहेर त्याची बायको सिताबाई लेकीला घेऊन पायरीवर बसली होती. गावात परतायची सोय राहिली नव्हती. फोटो आला त्या दिवशी पोरांनी घरावर दगड मारले. वाड्यात कोंडलेली मेंढरं भुकेनं ओरडत होती आणि भावकीतला एकही माणूस ती सोडायला तयार नव्हता. शाळेत कुणीतरी फळ्यावर अर्ध्या डोक्याचं चित्र काढलं आणि खाली अक्षदाचं नाव लिहिलं.

मी निघाले तेव्हा गोरोबानं मागून हाक मारली.

“वकीलबाई, उद्या मला जजसायबाकडं नेनार हायती. म्या कबूल करनार हाय.”

“काय कबूल करणार? तुम्ही केलंय का?”

“न्हाय. पर कबूल केल्यावर फोटू दावायचं बंद करत्यात मनं. अन् डोस्कं बी भादरू देत्यात. एकानं दावला मला त्यो फोटू मोबाइलात.” त्यानं माझ्याकडे बघितलं. “म्याच भेलो की त्याला बगून. लोकांचं काय चुकलं?”

३

माझ्या हातात उरलेला दिवस होता आणि डोक्यात काहीही नव्हतं. मी तडक भागवतच्या दुकानात गेले. कवड्यांच्या माळा बाजूला सारून त्यानं मला स्टूल दिलं. भागवत वाईट माणूस नाही. फार तर बोलघेवडा म्हणता येईल.

“मॅडम, तुमी त्याचं वकीलपत्र घ्यायलाच नको व्हतं. म्या डोळ्यानं बघितलंय. केस मोकळे सोडलेला, कानापाशी रगत, असा धाडकन म्होरच्या दारातनं भाईर पडला.”

“आणि आत गेला तेव्हा?”

“तवा काय, डोस्क्याला पांढरा पंचा गुंडाळलेला व्हता. दाढी तेवडी दिसली. म्या मनलं, नवसाचा असंल.”

“म्हणजे आत गेला तेव्हा साधा भाविक होता?”

“तवा कुठं मला फोटू ठावं व्हता!”

हे वाक्य तो इतक्या सरळपणे बोलला की मला हसावं का रडावं कळेना. “भागवत, कानाला वस्तरा लागला तो पोलिसांनी खुर्चीतून ओढताना. घरातून निघताना कानाला रक्त कुठून असेल?”

तो गोंधळला. डोळे मिटून आठवायला लागला आणि पुन्हा उघडून म्हणाला, “पर मला तर दिसतंय की तसंच.” तो खोटं बोलत नव्हता. इतक्यांदा फोटो बघून त्याच्या डोळ्यांसमोर दुसरं काही येतच नव्हतं.

मथुराबाईचं तेच. फुलं ओवता ओवता ती म्हणाली, “लांब केस वाऱ्यावर उडत व्हते बाई. राकीसच.” कुठं पाहिलास विचारलं तर आधी म्हणाली दारात, मग म्हणाली कोपऱ्यावर, मग तिला रडूच आलं. कमलबाई तिला रोज सकाळी चहा द्यायच्या.

“घरात आणखी कोण राहतं?” मी भागवतला विचारलं.

“वरच्या खोलीत उत्तरेश्वर गुरुजी. वाशीला मास्तर व्हते. रिटायर झाल्यावर देवीच्या पायाशी येऊन ऱ्हायले. म्हातारीचा बाजार, बँक, दवाखाना समदं तेच बगायचे. पोटच्या पोरानं करनार न्हाय इतकं केलं. आखाडात तिच्या माळेचा दोरा तुटला, तर ती सोलापूरला नेऊन गाठवून आनली. मानूस मनावं असा.”

“ते तेव्हा घरी होते?”

“छ्या! रोज सकाळी देवदर्शन. ते घरी असते तर ह्यो अवतार आत शिरला असता व्हय?”

म्हणजे घरात कुणी नव्हतं, दोन प्रामाणिक माणसं शपथेवर खोटं सांगणार होती आणि माझा आरोपी उद्या कबुली देणार होता. मी कोर्टाबाहेरच्या माझ्या टेबलापाशी येऊन नुसती बसून राहिले. इतकं हताश मला वकिली सोडून घरी बसावं असं वाटलं त्या वर्षीही वाटलं नव्हतं.

तेवढ्यात कुणीतरी घसा खाकरला. “बसू का, पोरी?”

४

पांढरं धोतर, पांढरा सदरा, कपाळावर कुंकवाची बारीक टिकली, एका हातात काठी, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. उत्तरेश्वर गुरुजींना बघून शेजारचे दोन वकील आपोआप उठून उभे राहिले. गुरुजी बसले आणि त्यांनी पिशवी मांडीवर घेतली.

“तो माणूस निर्दोष आहे,” ते म्हणाले.

माझा कानांवर विश्वास बसेना. आख्ख्या जिल्ह्यात हे वाक्य बोलणारा मला भेटलेला हा पहिला माणूस.

“मी त्याला पाहिलंय. दर्शन करून येत होतो, तेव्हा महाद्वारापाशी तो मला समोरून आला. शांत चालत होता. आंब्याच्या रंगाचा कोरा फेटा बांधलेला, शेमला पाठीवर सोडलेला. नवऱ्या मुलासारखा दिसत होता. खून करून निघालेला माणूस असा चालतो का? तो फोटो खोटा आहे. फोटोत माणूस दिसतच नाही तो.”

“तुम्ही हे पोलिसांपुढं सांगाल?”

“सांगेन ना. म्हणून तर आलो. त्याला फासावर जाऊ देऊ नकोस.”

मी त्यांच्या पायाच पडले. खरंच पडले, लाज कशाला बाळगू. गुरुजींचा शब्द म्हणजे गावात काळ्या दगडावरची रेघ. भागवत आणि मथुराबाईसारखे दहा आले तरी गुरुजींपुढं टिकणार नव्हते. उद्या सकाळी गोरोबाला न्यायच्या आधी ठाण्यात यायचं त्यांनी कबूल केलं आणि ते काठी टेकत निघून गेले.

मी सिताबाईला सांगितलं. तिनं अक्षदाला छातीशी धरलं आणि तशीच हुंदके देत राहिली. पोरगी मला म्हणाली, “मावशी, गुरुजींचा फोटू लावा की मोबाइलात. मंजी लोक आयकतील.”

एवढ्याशा पोरीला एवढं कळलं होतं. मला मात्र गुरुजींच्या बोलण्यात काय आहे ते अजून कळायचं होतं. त्यांच्या तोंडाकडे बघूनच मी सगळं खरं मानून मोकळी झाले होते.

एक टोक पक्कं करायचं म्हणून मी गुंडप्पाकडे निघाले. गोरोबा त्याच्याकडे कसा आला, शांत होता की घाबरलेला, एवढंच मला विचारायचं होतं.

५

गुंडप्पाचं दुकान अर्धं बंद होतं. फोटो आल्यापासून गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. आरोपीच्या रक्तानं वस्तरा बाटला म्हणे. मला बघून तो शटर ओढायला लागला. मी पाय मध्ये घातला.

“मला नका गुतवू ताई. मी अक्कलकोटाकडचा मानूस, पोटासाठी इथं आलोय.”

“तो दुकानात आला तेव्हा कसा होता, एवढंच सांग.”

“खुशीत व्हता की. मंडळीची वाट बगत घटकाभर बाकड्यावर बसला. पोरगी बरी झाली मनून सांगत व्हता. फेटा काढून माझ्या हातात दिला, मनला पायदळी येऊ देऊ नका, आज्जीनं आताच बांदलाय.”

“फेटा आज्जीनं बांधला?”

“आहेराचा फेटा. तिनंच नव्हं का बांदायचा? नवस फेडायच्या आदी घरधनीन बांदती. आन् नवसाचे केस वस्तऱ्याम्होरं येईस्तोवर कुनाला दावत न्हाईत. माझ्या खुर्चीत बसल्यावरच सोडले त्यानं.”

“आणि तुझ्याकडे आला कुठून?”

“ह्या बोळातनं. आज्जीच्या मागल्या दारातनं निघाला ते सरळ माझ्या दारात. मी उंबऱ्यावर वस्तरा पाजळत बसलो व्हतो, समोर दिसत व्हतं.”

“महाद्वाराकडे नव्हता गेला? मोठ्या रस्त्यानं?”

“कशाला जाईल? ही काय चार पावलं.”

मी बोळात येऊन उभी राहिले. दोन्ही बाजूंना उंच दगडी भिंती. एकाही घराचं दार किंवा खिडकी तिकडे उघडत नाही. सगळ्या बोळात खिडकी एकच, कमलबाईंच्या घराला, मागच्या दाराच्या वर. ती त्यांच्या जिन्याची खिडकी होती.

“गुंडप्पा, तो फेटा कुठाय?”

त्यानं बोळात दोन्हीकडे बघितलं. मग आतल्या लाकडी पेटीतून, टॉवेलांच्या थप्पीखालून त्यानं तो काढला. आंब्याच्या रंगाचा, कोरा, जरीकाठी. “पोलिस आले तवा भ्यानं लपवला ताई. कुनालाच दावला न्हाय. बायकोला बी ठावं न्हाय.”

फेटा घेऊन मी पायरीवर बसले. आत जाताना भागवतनं बघितला तो पंचा. फोटोत दिसलं ते उघडं डोकं. फेटा गोरोबाच्या डोक्यावर होता तो फक्त देव्हाऱ्यापासून या खुर्चीपर्यंत. तो बांधणारी मेली, तो काढून घेणारा गप्प बसला.

आख्ख्या जगात गोरोबाच्या बाजूनं बोलणारा एकच साक्षीदार मला मिळाला होता. त्याला हा फेटा दिसला होता, म्हणजे कमलबाई मेल्या त्या सकाळी तो त्या जिन्यात उभा होता.

६

सकाळी गुरुजी वेळेवर आले. फौजदारांनी त्यांच्यासाठी स्वतःची खुर्ची पुढे केली. गुंडप्पाला मी महत्प्रयासानं आणून बाकड्यावर बसवलं होतं. चुकले असते तर माझा एकमेव साक्षीदार मीच घालवला असता आणि गोरोबा तासाभरात कबुली देऊन बसला असता.

“गुरुजी, त्याला कुठं पाहिलंत ते साहेबांना सांगा.”

“महाद्वारापाशी. दर्शनाहून येताना.”

“डोक्याला काय होतं?”

“फेटा. आंब्याच्या रंगाचा.”

फौजदारांनी मान वर केली. “फेटा? भागवत तर पंचा म्हणतो.”

“पंचा नव्हे. चांगला कोरा जरीकाठी फेटा. अहो, मी नीट पाहिलाय.” गुरुजी कळवळून बोलत होते. त्यांना खरोखरच त्या माणसाला वाचवायचं होतं.

मी पिशवीतून फेटा काढून टेबलावर ठेवला. “हाच का?”

“हाच!” गुरुजींच्या तोंडावर सुटल्यासारखा भाव आला.

“साहेब,” मी म्हणाले, “हा फेटा कमलबाईंनी घरात बांधला. गोरोबा मागच्या दारानं बोळात आला आणि बोळातून थेट गुंडप्पाच्या खुर्चीत. तिथं त्यानं तो काढून गुंडप्पाकडे दिला, आणि गुंडप्पानं कालपर्यंत तो कुणालाही दाखवला नाही. गोरोबा महाद्वाराकडे गेलाच नाही. त्या बोळात डोकावणारी खिडकी एकच आहे, गुरुजींच्या जिन्यातली. गुरुजींनी फेटा पाहिला ही गोष्ट खरी आहे. त्या वेळी ते मंदिरात होते, ही खोटी आहे.”

गुंडप्पा जमिनीकडे बघत होता.

“आणि खोटं का बोलावं लागलं? कमलबाईंनी ती माळ हातात घेतली आणि त्या गप्प झाल्या, असं गोरोबा सांगतो. रोजच्या हाताला सोन्याचं वजन बरोबर कळतं. माळ हलकी लागली. म्हणून त्यांनी पाहुण्याला मागच्या दारानं वाटेला लावलं आणि वर हाक मारली. माळ गाठवून कुणी आणली होती, हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे.”

गुरुजींनी चष्मा काढला आणि धोतराच्या टोकानं पुसला. “पोरी, माणसाकडून नजरचूक होते,” ते शांतपणे म्हणाले. “मी बोळाच्या तोंडाशी पाहिलं असेल. वय झालं माझं.”

फौजदारांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या नजरेत सरळ दिसत होतं की अशा माणसावर हे किटाळ घ्यायची त्यांची तयारी नाही. माझ्याकडे पुढचा प्रश्न नव्हता.

तेवढ्यात गोरोबाला बाहेर काढलं. कोर्टात न्यायची गाडी दारात लागली होती. अर्ध्या डोक्याचा तो माणूस दोन शिपायांच्या मधोमध चालत आला आणि गुरुजींना बघून थांबला. गुरुजी आपल्या बाजूनं बोलणार आहेत एवढंच त्याला सिताबाईकडून कळलं होतं. बेड्या घातलेल्या हातांनी त्यानं वाकून गुरुजींच्या पायांवर डोकं ठेवलं. उघडी बाजू एका पायावर, केसांची दुसऱ्या पायावर.

“गुरुजी, लई उपकार झाले. साऱ्या मुलखात तुमी येकट्यानंच मला मानूस मनलं.”

गुरुजींनी पाय मागे ओढायचा प्रयत्न केला. “पाया पडू नको रे.” गोरोबा उठेना. “पाया पडू नको म्हणतो ना!” ते ओरडले आणि मग लहान मुलासारखे रडायला लागले.

खरी माळ गुरुजींच्या मुलाच्या कर्जापायी सोलापूरच्या सराफाकडे गेली होती आणि गुरुजींनी जागेवर खोटी आणून ठेवली होती. कमलबाईंना ते त्या सकाळी कळलं. गल्लीत सगळ्यांना सांगते म्हणून त्या वळल्या आणि बत्ता गुरुजींच्या हाताशी होता. चोरी वाटावी म्हणून उचललेली ती खोटी माळ वरच्या खोलीत, तांदळाच्या डब्यात मिळाली.

“उभा जन्म लोकांनी गुरुजी म्हटलं,” ते फौजदारांना सांगत होते. “ते जाऊ नये एवढंच डोक्यात होतं. पण त्या बिचाऱ्याचा फोटो बघवत नव्हता. मला वाटलं, तोही सुटेल आणि मलाही कुणी विचारणार नाही.”

ते गप्प बसले असते तर मला काय, कुणालाच सापडले नसते. त्यांच्या तोंडाकडे बघून कुणी तसं मनातसुद्धा आणलं नसतं. त्यांनी केलेल्या एका चांगल्या कामानं ते धरले गेले, आणि मला जिंकल्याचा आनंद काही केल्या होईना.

७

प्रेमनं नवा व्हिडिओ टाकला. त्यात गुरुजींचा सत्कारातला फोटो होता, खांद्यावर शाल, हातात नारळ, आणि खाली ओळ, ‘सज्जन गुरुजींना कुणी गोवलं?’ खालचे शेरे मी वाचायला नको होते. ‘चेहऱ्यावरूनच कळतं, देवमाणूस आहे.’ ‘वकिलीणबाईंनी पैसे खाल्ले.’ गोरोबाचा जुना फोटोही चालूच होता. तो काढ म्हणून मी प्रेमला फोन केला तर म्हणाला, “मॅडम, तो लई चालतोय हो.”

गोरोबा सुटला त्या दिवशी गुंडप्पानं त्याचं उरलेलं डोकं आणि दाढी भादरली. केस देवीच्या दारी गेले. आतून निघालेला चेहरा बघून मी चकित झाले. बारीक हनुवटीचा, लाजाळू, बराच तरणा माणूस. सिताबाई पदराआड हसली. खूप दिवसांनी मी तिला हसताना बघत होते.

मी त्यांना बसस्टँडवर सोडायला गेले. माकणीकडची गाडी लागायची होती. गोरोबाला बाकावर जागा करून देत एक इस्त्रीच्या कपड्यांतला गृहस्थ आपुलकीनं म्हणाला, “बसा पावणे, बसा. दर्शन झालं वाटतं? पोरगी लई गोड हाय तुमची.”

“व्हय, झालं,” गोरोबा म्हणाला.

गृहस्थ मोबाइल बघत होता. थोड्या वेळानं त्यानं तो गोरोबापुढं धरला. “हे बगितलं का? ह्याला सोडलं मनं. म्हातारीचा खून करनारा. तोंड बगा की, सांगायला कशाला पायजे?”

गोरोबा त्या फोटोकडे बघत राहिला. त्याचा हात मुंडण केलेल्या डोक्याकडे गेला आणि अर्ध्यातून खाली आला. मी काही बोलणार तोच तो हळूच म्हणाला, “व्हय. भ्या वाटतं खरं.”

“त्यो माझा बाप हाय,” अक्षदा म्हणाली.

तिनं आवाज चढवला नव्हता. गृहस्थ आधी हसला. मग त्यानं मोबाइलकडे बघितलं, गोरोबाच्या तोंडाकडे बघितलं, पुन्हा मोबाइलकडे बघितलं. पोरगी त्याच्या डोळ्यांना डोळा भिडवून तशीच उभी होती.

दोघांच्या मध्ये ठेवलेली आपली पिशवी त्यानं उचलली, दुसऱ्या बाजूला घेतली आणि तिचा बंद मनगटाला दोनदा गुंडाळला.